पट्टीच्या पोहणाऱ्याला दोर

मुठा खोऱ्यात पोहता न येणारा माणूस बघायचा असेल, तर शनिवार-रविवारपर्यंत थांबावं लागतं. त्या दोन दिवसांत पुण्याकडून गाड्या येतात. त्यांतून उतरणारी माणसं पाणी दिसलं की आधी फोटो काढतात आणि मग त्यात पडतात. उरलेले पाच दिवस खोरं तसं सुरक्षित असतं.

ही माणसं पाण्यातून बाहेर काढायचं काम वरच्या वाडीच्या देवूकडं होतं. जिवंत असेपर्यंत त्यांना देवूची गरज वाटत नसे. नंतर मात्र कासारसाईच्या धरणापासून मुळशीच्या पाण्यापर्यंत कुठूनही निरोप आला, की पोलीस चौकीची मोटारसायकल वाडीवर यायची आणि देवू मागं बसून जायचा. पाण्याकडं थोडा वेळ बघायचा. एखादी काटकी टाकून ती कुणीकडं जाते ते बघायचा. मग जिथं बुडी मारायचा तिथंच माणूस असायचा. काम उरकलं की चौकीकडून त्याला एक क्वार्टर मिळायची, वास सहन व्हावा म्हणून. देवू ती घ्यायचा आणि न फोडता शेजारच्या बहिरूला आणून द्यायचा, कारण देवू पीत नव्हता. अख्ख्या वाडीत न पिणारा बाप्या तो एकटाच. वाडीला याचा अभिमान होता असं म्हणवत नाही. बहिरूला तर तो शेजारधर्माला सोडून वागतो असंच वाटायचं. क्वार्टर मात्र तो ठेवून घ्यायचा.

हा देवू गेल्या चैत्रात विठ्ठलरावांच्या शेततळ्यात बुडून मेला.

विठ्ठलराव पुण्याचे. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले आणि आता राहत्या सोसायटीचे चेअरमन. सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. त्याची खोली साडेचार फूट, विठ्ठलरावांची उंची साडेपाच. तलावाला दोन शिड्या, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक जीवरक्षक, चार रबरी चाकं आणि अठरा नियमांची पाटी. नियम विठ्ठलरावांनीच लिहिले होते. लहान मुलांनी मोठ्यांशिवाय येऊ नये हा पहिला आणि जेवून लगेच पाण्यात उतरू नये हा अठरावा.

मुठा खोऱ्यातल्या त्यांच्या बंगल्याचं नाव 'निवांत'. तिथं त्यांचं शेततळं होतं. शेत नव्हतं, लॉन होतं. पण लॉनतळं म्हणायची पद्धत नाही. तळं पंधरा फूट खोल, चारी बाजूंनी उतार, आणि तळापासून काठापर्यंत निळं प्लॅस्टिक अंथरलेलं. त्या प्लॅस्टिकवर शेवाळ धरलं की उतारावर बेडूकसुद्धा दोनदा घसरतो. शिडी नाही, चाक नाही, दोर नाही. पाटी एकच होती, 'मासे पकडू नयेत'.

आता वाडीतल्या माणसाला पोहणं कुणी शिकवत नाही, पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलतात. दोन दिवसांत येतं. बाहेर यायचं मात्र कुणी शिकवलेलं नसतं, कारण ते शिकायची गोष्टच नव्हती. विहिरीला पायऱ्या असतात, नाही तर कपारी. नदीला काठ असतो, काठाला मुळं असतात. पाणी म्हटलं की त्याला धरायला काहीतरी असणारच, हे वाडीनं गृहीत धरलं होतं. प्लॅस्टिकचं पाणी खोऱ्यात येऊन फार दिवस झाले नव्हते.

देवू 'निवांत'वर राखणीला होता आणि त्याची बायको लिलाबाई स्वयंपाकाला. त्या दिवशी दुपारी मोटर पाणी ओढेना. मोटरच्या पाइपाच्या तोंडाशी, तळ्याच्या तळाला, शेवाळ अडकलं होतं. विठ्ठलरावांनी देवूला उतरून साफ करायला सांगितलं. देवूनं काठावरून एकवार उताराकडं बघितलं आणि म्हणाला, "सायेब, गाडीतला दोर द्या जरा. झाडाला बांधून उतरतो."

विठ्ठलराव हसले. "अरे, तू पट्टीचा पोहणारा. तुला कशाला दोर?"

देवूही हसला. पट्टीच्या पोहणाऱ्याला असं कुणी म्हटल्यावर तो पुन्हा दोर मागत नाही. लाज वाटते.

लिलाबाई ओट्याशी भाकरी थापत होती. दोघांचंही बोलणं खिडकीतून तिच्या कानावर आलं. तेवढ्यात विठ्ठलरावांनी तिला गावात दह्याला पिटाळलं आणि स्वतः एसी लावून आडवे झाले. दही घेऊन ती दीड तासानं परतली तेव्हा काठावर देवूच्या चपला होत्या. मोटर चांगली चालली होती.

चौकीच्या कागदावर लिहिलं गेलं : 'मयत इसम मद्यप्राशन करून स्वतःच्या मर्जीने पोहण्यास उतरला.' जबाब विठ्ठलरावांचा होता. आपण झोपलो होतो, आपण काही सांगितलं नव्हतं, तो अधूनमधून घेत असावा. चौकीलाही ते पटलं. एवढी वर्षं त्यांनीच तर त्याला क्वार्टर दिल्या होत्या.

ते वाडीवर कळल्यावर बहिरूचे डोळे भरून आले. "म्हंजे शेवटी घेतली त्यानं," तो म्हणाला. "मी म्हनत न्हवतो? आपल्यातलाच व्हता देवू."

"गप बसा भावजी," लिलाबाई म्हणाली.

"अगं वाईट न्हाई म्हनत मी. चांगलंच म्हनतोय."

बाकीचे बाप्येही दहाव्याला तेच म्हणत होते, आणि मायेनं म्हणत होते. नवरा मेल्याचं लिलाबाईनं सोसलं असतं. वाडीनं त्याला प्यायला बसवला, हे तिला सोसेना. कागदावरचा तो एक शब्द काढायचा, आणि ज्या तोंडातून तो निघाला त्याच तोंडानं परत घ्यायला लावायचा, असं तिनं ठरवलं.

चौकीत ती दोनदा गेली. दोन्ही वेळा तिला बसायला खुर्ची मिळाली आणि साक्षीदार कोण हे विचारलं गेलं. साक्षीदार ती एकटी, आणि ती मयताची बायको.

'निवांत'वरचं काम तिनं सोडलं नाही. लोक म्हणाले, पोटासाठी. पोट होतंच. पण दर शनिवारी विठ्ठलरावांना तळ्याकाठच्या बाकावर चहा नेऊन देताना ती उतार बघून यायची, कुठं शेवाळ दाट आहे, कुठं विरळ आहे. दर महिन्याला ते खराट्यानं घासायचं काम आता तिच्याकडं आलं होतं. वर्षभरात तिनं खराटा एकदाही पाण्याला लावला नाही.

"लिलाबाई, हे हिरवं फार झालंय हो," विठ्ठलराव म्हणायचे.

"त्यानं पानी गार ऱ्हातं सायेब."

त्यांना ते पर्यावरणाला धरून वाटलं.

फाल्गुनात पुण्याच्या एका संस्थेकडून उत्कर्षा नावाची मुलगी वाडीवर आली. ग्रामीण आणि शहरी भागातल्या बुडण्याच्या धोक्याची पाहणी होती. हातात टॅबलेट, पायांत चांगले बूट. ती दारोदार फिरली. पोहता येतं का, या पहिल्या प्रश्नाला वाडीतल्या प्रत्येकानं 'व्हय' म्हणून सांगितलं. त्यामुळं ती जरा गोंधळली. पोहता येत नाही म्हणून गावाकडची माणसं बुडतात, असं तिला येतानाच सांगून पाठवलं होतं.

लिलाबाईच्या ओसरीवर सातवा प्रश्न आला.

"कुटुंबात बुडून कुणी गेलंय का, मावशी?"

"मालक."

उत्कर्षानं क्षणभर मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "कारण विचारावं लागतं. चारच पर्याय आहेत. पोहता न येणं, मद्यप्राशन, पाय घसरणं, इतर."

"दोर दिला न्हाई म्हनून."

"ते 'इतर'मध्ये येईल."

"इतर कसं ताई? कारन त्येच हाय. बाकीची तीन इतर."

उत्कर्षानं टॅबलेट मिटला आणि सगळी हकिकत ऐकून घेतली. जाताना म्हणाली, पुढच्या रविवारी संस्थेचा कार्यक्रम आहे, पाण्यातलं प्रात्यक्षिक. तरंगती जाकिटं वाटायची आहेत. विठ्ठलरावांच्या सोसायटीनंच दिली आहेत आणि प्रात्यक्षिकही तेच करणार आहेत. "नदीच्या डोहात ठेवावं म्हणतोय."

"डोहात गाळ हाय," लिलाबाई म्हणाली. "सायबाच्या तळ्यात ठेवा. पानी निवळ हाय. फोटू चांगलं येत्यात."

उत्कर्षानं तिच्याकडं बघितलं. लिलाबाई तांदूळ निवडत होती.

"स्थानिक महिला स्वयंसेवक म्हणून एक नाव हवं होतं," उत्कर्षा म्हणाली. "दोर सांभाळायला."

"माजं घाला."

रविवारी अकरा वाजता वाडी झाडून 'निवांत'वर हजर होती. जाकिटांसाठी थोडे आणि वडापावसाठी बाकीचे. वडापाव दहा मिनिटांत संपले, तेव्हा लिलाबाईनं ड्रायव्हरला आणखी आणायला पौडला धाडलं. विठ्ठलराव गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत आणि नारंगी जाकिटात उभे होते. जाकिटाचे पट्टे लिलाबाईनं स्वतः आवळले, दोनदा ओढून बघितले. तिला ते बुडायला नको होते. बुडालेला माणूस जबाब देत नाही.

विठ्ठलराव थोडक्यात बोलले, म्हणजे पंचवीस मिनिटं. शहरात धोका कमी आहे कारण शहरात जाणीव आहे, असा सूर होता. "आमच्या तलावावर अठरा नियम आहेत. तुमच्याकडं काय आहे? नुसती हिंमत. पाण्यात हिंमत कामाची नाही, शिस्त कामाची. याच तळ्यात एक दुर्दैवी घटना घडली. मी नाव घेत नाही. पण व्यसन आणि पाणी ही जोडी..."

बहिरूनं मान डोलावली. व्यसनाचा विषय निघाला की तो मनापासून ऐकायचा.

"सायेब," लिलाबाई म्हणाली, "उतरा आता. ऊन चढतंय."

ते उताराच्या कडेला आले. हळूहळू उतरायचा त्यांचा विचार होता, पण शेवाळाचा वेगळा होता. विठ्ठलराव बसल्या जागी घसरत थेट पाण्यात गेले. वाडीनं टाळ्या वाजवल्या. जाकिटानं त्यांना लगेच वर आणलं. त्यांनी हात हलवले, पाठीवर तरंगून दाखवलं, मधोमध जाऊन पुन्हा हात हलवले. उत्कर्षा काठावरून मोबाइलवर सगळं घेत होती. पाच मिनिटांत प्रात्यक्षिक संपलं आणि विठ्ठलराव काठाकडं आले.

पहिल्यांदा घसरले तेव्हा ते हसले. दुसऱ्यांदा त्यांनी जागा बदलली. तिसऱ्यांदा पोटावर पडून चढायचा प्रयत्न केला, पण छातीवर फोमचा गठ्ठा, त्यामुळं ते उलटे झाले. वाडीनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. हेही कार्यक्रमातलंच असावं अशी समजूत झाली.

"लिलाबाई, दोर टाका."

दोराचं वेटोळं लिलाबाईच्या पायाशी होतं. ती त्यावर बसली.

"टाकते की. आदी एक इचारायचं हाय."

"आधी बाहेर येऊ द्या. मग विचारा काय ते."

"भाईर आल्यावर तुमी सांगत न्हाई. वरीस झालं, बगतीया मी."

विठ्ठलरावांनी काठावरच्या लोकांकडं बघितलं. "अहो, कुणीतरी या ना पुढं. बहिरू, ये रे, हात दे. तुला पोहता येतं."

बहिरूनं लिलाबाईकडं बघितलं. मग पाण्याकडं बघितलं. "न्हाई सायेब," तो म्हणाला. "मला पवायला येत न्हाई."

"मलाबी न्हाई येत," त्याच्या मागचा म्हणाला.

एकेक करून साऱ्या वाडीला पोहायला येईनासं झालं. उत्कर्षाच्या पाहणीतला आकडा पाच मिनिटांत संस्थेला हवा तसा झाला.

"ही काय चेष्टा आहे? मॅडम, तुम्ही बघताय ना? मला थंडी वाजतेय."

"बघतेय सर," उत्कर्षा म्हणाली. "रेकॉर्डिंग चालू आहे. जाकीट नीट आहे ना? मावशींचं झाल्याशिवाय मलाही पुढं जाता येत नाही, त्यांचा सातवा प्रश्न राहिलाय."

विठ्ठलराव पुन्हा चढायला लागले. आता बोटं रोवून. हात-दोन हात वर चढायचे आणि गरकन खाली जायचे. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. प्लॅस्टिकवर नखांचा एक बारीक, करकर आवाज येत होता आणि तो सगळ्यांना ऐकू येत होता.

लिलाबाई वाकून बघत होती. "नखं जपा सायेब," ती म्हणाली. "त्याची ऱ्हायली न्हवती. हाताची न्हवती आन् पायाचीबी. मी आंगूळ घातली त्याला, मला ठावं. तुमी प्लॅस्टिक बदललं ना नंतर? चिरा पडल्यात म्हनला."

विठ्ठलराव थांबले. ओठ निळे पडले होते. "काय हवंय तुम्हाला?"

"पैसं नकोत. इचारते तेवडं सांगा. मोटर कुनी साफ कराया लावली?"

"मी."

"मोठ्यानं बोला. मागं म्हातारी मानसं हायेत."

"मी सांगितलं होतं. मी."

"त्यो पिल्याला व्हता?"

"नाही."

"बहिरूभावजीला ऐकू आलं न्हाई."

"नव्हता. तो प्यायलेला नव्हता."

बहिरूनं डोक्यावरची टोपी काढली. उगीचच झटकली. परत घातली.

"त्यानं दोर मागितला व्हता का न्हाई?"

लिलाबाईनं घाई केली नाही. कनवटीची मिश्रीची डबी काढली, बोटावर चिमूट घेतली आणि शांतपणे दात घासायला बसली. तिच्याकडं वेळ भरपूर होता, आणि वडापाव पौडहून यायला अजून अर्धा तास तरी होता.

"मागितला होता," पाण्यातून आवाज आला.

"मग तुमी काय म्हनला?"

"मला आठवत नाही."

"आठवा. मला आठवतंय. म्या सांगितलं तर ते माजं व्हईल, तुमीच सांगा."

त्यांनी आणखी एकदा वर यायचा प्रयत्न केला. उजव्या हाताचं एक नख अर्धं उचकटलं आणि निळ्या प्लॅस्टिकवर तांबडी रेघ उमटली. ते पाण्यात मागं गेले आणि जाकिटात हनुवटी रुतवून रडायला लागले. चौसष्ट वर्षांचा माणूस मोठ्यानं रडायला लागला की बघणाऱ्याला दया येते. वाडीतल्या दोघीतिघींना आलीही. त्या लिलाबाईकडं बघायला लागल्या. लिलाबाईनं चूळ भरली.

"तू पट्टीचा पोहणारा," विठ्ठलराव म्हणाले. "तुला कशाला दोर."

"पुन्यांदा."

"तू पट्टीचा पोहणारा, तुला कशाला दोर."

"अजून येकदा. मोटरीपातूर ऐकू गेलं पायजे. त्यो तितं व्हता."

तिसऱ्यांदा त्यांनी ते ओरडून म्हटलं. समोरच्या डोंगरापर्यंत गेलं असावं. मग लिलाबाई उठली, वेटोळ्याचं टोक काठावरच्या बाभळीला बांधलं, गाठ ओढून बघितली आणि दुसरं टोक पाण्यात टाकलं. क्षणापूर्वीपर्यंत पोहता न येणारे सहा जण खाली धावले आणि विठ्ठलरावांना म्हशीच्या रेडकासारखं ओढून वर घेतलं. ड्रायव्हर वडापाव घेऊन आला तेव्हा ते लॉनवर टॉवेल पांघरून बसले होते.

पोलिसात तक्रार करायचा त्यांचा विचार होता म्हणतात. पण तोवर उत्कर्षाचं रेकॉर्डिंग सोसायटीच्या ग्रुपवर पोचलं होतं. सोसायटीनं बैठक घेतली आणि चेअरमनसाहेबांनी आधी आपला जबाब दुरुस्त करावा, असं सुचवलं. विठ्ठलराव बोटाला पट्टी बांधून चौकीत गेले. मोटर आपण साफ करायला सांगितली, दोर मागितला होता, मयत इसम प्यायलेला नव्हता, असं सगळं सांगून आले. आपलं काम संपलं असं त्यांना वाटलं असणार, कारण पुढच्या शनिवारपासून ते 'निवांत'वर पुन्हा यायला लागले. सांगितलेलं सगळं कागदावर उतरलं की नाही हे मात्र त्यांनी बघितलं नाही, कारण ते बघणं त्यांच्याही सोयीचं नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी चौकीतून नवा कागद आला. लिलाबाईला वाचता येत नाही. अंगणवाडीच्या शीतलला तिनं हाक मारली. बहिरूही आला, दारात उकिडवा बसला. आणखी पाचसहा बायका-बाप्ये गोळा झाले.

"मद्यप्राशन लिवलंय का, ते बग आदी."

शीतलनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "न्हाई काकी. काढलंय."

लिलाबाईनं डोळे मिटले. बहिरू खाली बघून पुटपुटला, "माजं चुकलं वैनी. देवू आमच्यातला न्हवता." ही माफी होती. ती तशीच घेतली गेली.

"आन् काय लिवलंय?" लिलाबाईनं विचारलं. "दोराचं?"

"दोराचं काय न्हाई काकी. मोटरीचंबी न्हाई." शीतल अडखळत वाचू लागली. "'सदर इसम... शेततळ्यात उतरला असता... पाण्याचा अंदाज न आल्याने... बुडून मयत झाला.'"

"म्हंजे?"

"म्हंजे..." शीतलनं कागद खाली केला. "त्याला पानी कळलं न्हाई, असं."

"कुनाला?"

"देवूकाकाला."

मग बहिरूच्या घशातून हसण्यासारखा एक आवाज निघाला आणि अर्ध्यात थांबला.

लिलाबाईनं कागद घेतला, चार घड्या घातल्या, कनवटीला खोचला. चुलीतलं जळण मागं ओढलं. पदर कमरेला बांधला.

"आज वार काय गं?"

"शनवार, काकी."

"म्हंजे सायेब आला असंल," लिलाबाई म्हणाली. "चला सारी. त्याला अजून अंदाज आल्याला न्हाई."